घर बदललं, विम्याचा कागद बदलला का?



गटाच्या बैठकीत आम्ही विचारतो, "विमा कुणाकुणाचा आहे?" तेव्हा जवळपास सगळ्यांचे हात वर जातात. मग विचारतो, "कशाचा आहे?" इथं गडबड सुरू होते. "बँकेतून कटतंय काहीतरी." "मालकांनी काढलाय." "लेकरं लहान होती तेव्हा एक कागद आला होता, पेटीत आहे." लेकरं आता कॉलेजात जातात, कागद अजून पेटीतच आहे.

आज आपण बोलणार आहोत ते अपंगत्वाच्या विम्याबद्दल. विमा म्हटलं की आपल्याला मरण आठवतं आणि बायका लगेच म्हणतात, "अभद्र कशाला बोलता?" पण कडबाकुट्टीत हात गेलेली बाई मरत नाही. ती पुढची तीस-चाळीस वर्षं जगते, एका हातानं. भाकरी थापायची कशी, खुरपायचं कसं, गटाचा हप्ता कशातून भरायचा, हे प्रश्न तिच्यापुढे रोज सकाळी उभे असतात. 30 सप्टेंबर 1993 चा भूकंप आपल्या उमरगा-लोहारा भागानं सोसलाय. त्या रात्री वाचलेल्यांत पाठीचं हाड, पाय, हात गमावून जगलेली माणसं आपण पाहिली आहेत. अशा जगणाऱ्या माणसासाठीचा विमा वेगळा बघावा लागतो. आणि तो एकदा काढून विसरायचा नसतो, कारण आपलं वय, घर, काम, खातं, जमिनीवरचं नाव हे सगळं बदलत असतं. कागद मात्र जुन्याच घराची गोष्ट सांगत बसतो.

आधी आपल्याकडे काय आहे ते नीट बघू. बहुतेकींच्या खात्यातून वर्षाला 20 रुपये कटतात, ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. 2015 साली सुरू झाली तेव्हा हप्ता 12 रुपये होता, जून 2022 पासून तो 20 झाला. वय 18 ते 70. अपघाती मृत्यू झाला तर वारसाला 2 लाख. अपघातात दोन्ही डोळे, दोन्ही हात किंवा दोन्ही पाय कायमचे निकामी झाले, किंवा एक डोळा आणि एक हात वा पाय गेला, तर 2 लाख. एकच डोळा, एकच हात किंवा एकच पाय गेला तर 1 लाख. दुसरे 436 रुपये कटतात ते जीवनज्योती विम्याचे. मृत्यू कोणत्याही कारणानं झाला तरी त्यात 2 लाख मिळतात, पण अपंगत्वाला एक पैसाही मिळत नाही. दोन्हींची नावं जोडीनं घेतली जातात म्हणून बायकांचा गोंधळ होतो. एखादीच्या खात्यातून 436 कटतात आणि 20 कटतच नाहीत. तिला वाटतं आपण सगळीकडून सुरक्षित आहोत.

या 20 रुपयांत काय बसत नाही तेही सांगायला हवं. लकवा मारला, साखरेच्या आजारानं पाय कापावा लागला, मणक्याची गादी सरकली, हे आजार आहेत, अपघात नाहीत. त्याला इथं पैसे नाहीत. कडबाकुट्टीत दोन बोटं गेली तर तेही बसत नाही, कारण नियम आख्ख्या हाताचा किंवा पायाचा उपयोग कायमचा जाण्याबद्दल बोलतो. आणि दवाखान्याचं बिलही हा विमा भरत नाही. त्यासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना वेगळी आहे. साप चावणं, झाडावरून पडणं, भूकंप आणि पुरासारखी आपत्ती मात्र अपघातात धरली जाते.

आता बदलांकडे येऊ. पहिला बदल दिसायला अगदी साधा आहे, तो म्हणजे बँकेचं खातं. 2024 साली लाडकी बहीण योजना आली. पैसे आधार जोडलेल्या खात्यात येणार, म्हणून कितीतरी बायकांनी घाईनं नवीन खातं उघडलं, कुणी पोस्टात, कुणी दुसऱ्या बँकेत. छान झालं. पण 20 रुपये कटण्याची परवानगी दिली होती ती जुन्या खात्याला. जुन्या खात्यात आता शिल्लक नाही, मे महिन्याच्या शेवटी बँकेनं 20 रुपये शोधले, सापडले नाहीत, विमा बंद. कुणी फोन करत नाही, कुणी चिठ्ठी पाठवत नाही. बाई मात्र आपला विमा चालू आहे असं धरून कामावर जाते.

आपल्या मराठवाड्यात असाच एक बदल आधीही झाला होता. 1 एप्रिल 2017 ला आपली हैदराबाद बँक, म्हणजे स्टेट बँक ऑफ हैदराबाद, स्टेट बँक ऑफ इंडियात विलीन झाली. अजून अनेकींच्या पेटीत जुन्या नावाचं पासबुक आहे. त्यावर शेवटची नोंद कधीची आहे ते बघा. दोन वर्षं आपण खात्यात काहीच व्यवहार केला नाही तर बँक ते निष्क्रिय ठरवते. मग आधार, फोटो देऊन ते पुन्हा चालू करून घ्यावं लागतं.

उलटही होतं. दोन-तीन खाती असली आणि तिन्हीतून 20-20 रुपये कटले, तरी विमा एकच धरतात. सहा लाख मिळणार नाहीत. जादाचे हप्ते वाया जातात. ज्या खात्यात आपण नेहमी व्यवहार करतो त्या एकाच खात्यातून कटू द्या, बाकीचं बँकेत अर्ज देऊन बंद करा.

एक गोष्ट फार कमी जणींना माहीत असते. मृत्यू झाला तर पैसे वारसदाराला जातात, पण अपंगत्व आलं तर पैसे बाईच्या स्वतःच्या खात्यात येतात. म्हणून तिचं खातं जिवंत असणं, त्यावरचं नाव आधारशी जुळणं आणि व्यवहार तिला स्वतःला करता येणं महत्त्वाचं. पासबुक मालकांच्या खिशात आणि एटीएम कार्ड मुलाकडे, असं असेल तर हात गेलेल्या बाईचे लाखभर रुपये कुठं खर्च होतील ते आम्ही सांगायला नको.

दुसरा बदल लग्नाचा, आणि इथं जरा थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त बायका इथंच उघड्यावर पडतात.

शेतकऱ्यांसाठी राज्य सरकारची गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची अपघात योजना आहे. ती 2005-06 पासून वेगवेगळ्या नावांनी चालत आली. आधी तिच्यात विमा कंपनी होती. एप्रिल 2023 पासून कंपनी काढून टाकली आणि ती सानुग्रह अनुदान योजना झाली. हप्ता भरावा लागत नाही. वय 10 ते 75. अपघाती मृत्यूला 2 लाख, दोन अवयव किंवा दोन डोळे गेले तर 2 लाख, एक अवयव किंवा एक डोळा गेला तर 1 लाख. वीज पडणं, विजेचा धक्का, सर्पदंश, विंचूदंश, फवारणीची विषबाधा, पाण्यात बुडणं, उंचावरून पडणं, जनावरानं मारणं, रस्त्यावरचा अपघात हे सगळं त्यात येतं. बाळंतपणातला मृत्यूही येतो. शेतातल्या बाईसाठी याहून जवळची योजना नाही.

पण ती कुणाला? सातबारावर नाव आहे त्या खातेदाराला, आणि डिसेंबर 2019 पासून त्याच्या कुटुंबातल्या आणखी एका माणसाला. कुटुंबातला म्हणजे कोण, तेही नियमात लिहिलं आहे: आई-वडील, नवरा किंवा बायको, मुलगा आणि अविवाहित मुलगी. यांच्यापैकी एक.

आता आपल्या घरात बसवून बघा. जमीन सासऱ्यांच्या नावावर आहे. मुलगा शेती बघतो, सून पहाटेपासून रात्रीपर्यंत रानात राबते, कडबाकुट्टी तीच चालवते, सोयाबीन मळताना यंत्राजवळ तीच उभी असते. त्या यादीत सासरे आहेत, सासूबाई आहेत, मुलगा आहे, लग्न न झालेली नणंद आहे. सून हा शब्द त्यात नाही. माहेरी होती तोवर अविवाहित मुलगी म्हणून तिचं नाव बसत होतं. मांडवातून बाहेर पडली, माहेरच्या यादीतून गेली, आणि सासरच्या यादीत आलीच नाही. रानातलं सगळ्यात धोक्याचं काम जिच्याकडे, तीच कागदावर कुणाची नाही. आम्हाला विचाराल तर या नियमात सून यायलाच हवी. ग्रामसभेत, प्रभागसंघात हा ठराव आपण मांडू शकतो.

नियम बदलेल तेव्हा बदलेल, तोवर काय करायचं? नवऱ्याचं नाव सातबारावर लागलं की ती खातेदाराची बायको म्हणून यादीत येते. आणि नवरा खातेदार असेल, तर लक्ष्मी मुक्ती योजनेतून त्याच्या अर्जावर तिचं नाव सहखातेदार म्हणून लागू शकतं. मग ती कुणाच्या कुटुंबातली म्हणून नव्हे, स्वतः खातेदार म्हणून पात्र ठरते. विम्यासाठी सासऱ्यांकडे वाटणी मागा, असं आमचं मुळीच म्हणणं नाही. त्यातून घरात काय होतं ते आपण जाणतो. पण वाटणीचा विषय घरात निघालाच असेल तर सुनांचं नाव त्याच वेळी काढायला लाजू नका. आणि ज्या सुनेचं नाव कुठंच नाही तिच्या 20 रुपयांकडे तर घरानं सगळ्यात आधी बघितलं पाहिजे. तिला दुसरा आधारच नाही.

नवी सून घरात आली की तिचं माहेरचं खातं कुठं आहे तेही विचारा. लातूरला किंवा बार्शीला असलेल्या खात्यात ती वर्षातून एकदाही जाणार नसेल तर ते खातं हळूहळू बंद पडणार. तिथं वारसदार म्हणून वडिलांचं नाव असतं. ते ठेवायचं की बदलायचं हे तिनं ठरवावं, सासरच्यांनी नाही. एवढंच की तिला विचारलं पाहिजे.

तिसरा बदल कुणालाच नको असतो. नवरा गेल्यावर पहिली काही वर्षं बाई कागदांकडे बघायच्या मनःस्थितीत नसते, हे आम्ही गावोगावी बघतो. पण दोन कामं गटानं तिच्यासोबत जाऊन करून घ्यावीत. एक, तलाठ्याकडे, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, वारसाची नोंद. तिचं नाव सातबारावर लागलं की ती स्वतः खातेदार होते आणि तिचा मुलगा किंवा अविवाहित मुलगी तिच्या कुटुंबात धरली जाते. नोंद लांबली तर दोघंही बाहेर. दुसरं, तिच्या सगळ्या खात्यांवर आणि पॉलिसींवर वारसदार म्हणून गेलेल्या नवऱ्याचंच नाव असतं, ते बदलायचं.

काम बदललं की धोका बदलतो, आणि कधी कधी जादाचा विमाही मिळतो. भूम, परंडा, वाशी, कळंब भागातून दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघणाऱ्या बायका चार-पाच महिने गावाबाहेर असतात, कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी कर्नाटकात. सुरक्षा विमा तिथंही लागू असतो, गाव सोडलं म्हणून तो सुटत नाही. फक्त पासबुकाच्या पहिल्या पानाचा आणि आधारचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, आणि तीच चित्रं गावातल्या गटाच्या अध्यक्ष किंवा सचिव ताईंकडे पाठवून ठेवा.

कुणाची लेक पुण्याकडे कंपनीत लागली असेल तर पहिल्या पगाराच्या चिठ्ठीवर ईएसआय कापला आहे का ते तिला बघायला सांगा. दहा किंवा जास्त कामगारांची कंपनी आणि पगार 21 हजारांपर्यंत असेल तर हा कायदा लागू होतो, ठेकेदारामार्फत लागली असली तरीही. तिच्या पगारातून 0.75 टक्के जातात आणि मालक 3.25 टक्के भरतो. कामावर इजा होऊन घरी बसावं लागलं तर पगाराच्या 90 टक्के मिळतात, आणि कायमचं अपंगत्व आलं तर कमाईची ताकद किती गेली ते ठरवून दरमहा पैसे मिळतात, आयुष्यभर. 20 रुपयांच्या विम्यात न बसणारी बोटंही इथं मोजली जातात. पण नोकरी सोडून लेक गावी परत आली की नंतरच्या इजेला हे संरक्षण नाही. म्हणून कंपनी लागली या आनंदात 20 रुपयांचा विमा बंद करू नका.

बांधकाम कामगार मंडळाचं कार्ड आपल्याकडे बऱ्याच घरांत आहे. खरं सांगायचं तर भांड्यांचा संच मिळाला की कार्ड विसरलं जातं. नोंदीत कामगाराला 75 टक्के किंवा त्याहून जास्त कायमचं अपंगत्व आलं तर त्या मंडळाकडून 2 लाखांची मदत आहे. पण नोंदणी दरवर्षी नवी करावी लागते, आणि वर्षात 90 दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. कार्डावरची तारीख उलटून गेली असेल तर घरात फक्त भांडी उरली आहेत.

कर्ज घेतलं की त्याबरोबर विम्याचे पैसे कापतात. सही करण्याआधी एकच प्रश्न विचारा: "मी जिवंत राहिले आणि हात-पाय गेला, तर हप्ता कोण भरणार?" बहुतेक वेळा तो विमा फक्त मरणाचा असतो. कर्ज फिटलं की संपतो. म्हणजे म्हैस, शिलाई मशीन, पिठाची गिरणी यासाठी मोठं कर्ज घेतलं त्या वर्षी आपलं ओझं वाढलेलं असतं आणि अपंगत्वाचा आधार मात्र तेवढाच राहतो. ज्यांची आयुर्विम्याची पॉलिसी आहे त्यांनी त्यात अपघात आणि अपंगत्वाचा जोड लाभ घेतला आहे का ते एजंटाला किंवा विमा सखीला पॉलिसी दाखवून विचारावं. तो असेल तर कायमच्या संपूर्ण अपंगत्वात ठरलेली रक्कम दहा वर्षांत महिन्याच्या हप्त्यांनी मिळते आणि पुढचे प्रीमियम माफ होतात. पॉलिसीच बंद पडली असेल तर हा लाभही गेला.

वयाचं थोडक्यात सांगतो. लेकराला 18 पूर्ण झाली की त्याचा 20 रुपयांचा विमा लगेच काढा. जीवनज्योतीत पन्नाशीपर्यंतच शिरता येतं आणि 55 ला ती संपते. सुरक्षा विमा सत्तरीला संपतो. सासूबाई एकाहत्तरच्या असतील तर त्यांचे 20 रुपये आता कटत नसतील. त्यांना फक्त शेतकऱ्यांची ती योजना उरते, तीही 75 पर्यंत.

ज्यांच्या घरात आधीच दिव्यांग व्यक्ती आहे, त्यांनी प्रमाणपत्रावरची मुदत बघावी. काही प्रमाणपत्रं तात्पुरती असतात, त्यावर तारीख असते. ती उलटली की संजय गांधी योजनेसारख्या ठिकाणी अडकतं. 40 टक्के अपंगत्वाची अट तिथली आहे. विम्यात टक्के नाही, कोणता अवयव गेला ते बघतात. दोन्ही ठिकाणी वेगळा हिशेब आहे, हे कळलं की दवाखान्यात वाद घालावा लागत नाही.

हे सगळं बघायचं कधी? चैत्री पौर्णिमेला येरमाळ्याची येडाईची यात्रा होते. ती झाली की पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं पासबुक, आधार आणि जमेल तर सातबारा घेऊन यावं. विम्याचं वर्ष 1 जून ते 31 मे असतं. मेच्या तिसऱ्या आठवड्यात खात्यात निदान 456 रुपये हवेत, एकच विमा असेल तर 20. जूनच्या बैठकीत पासबुक छापून पुन्हा बघायचं, पैसे कटले का. कटले नसतील तर बँक सखीला सोबत घेऊन लगेच शाखेत जायचं. हप्ता भरून विमा पुन्हा चालू करता येतो, मात्र मधल्या दिवसांत काही झालं तर ते आपलं नशीब.

आणि अपघात झालाच तर? दवाखान्यात पहिल्या दिवशी जे सांगाल तेच कागदावर उतरतं. पोलिसांचं लचांड नको म्हणून घरचे सांगतात, "घरात घसरून पडली." पुढं विमा मागताना तोच कागद आडवा येतो. मळणी यंत्रात हात गेला असेल तर तसंच सांगा, साप चावला असेल तर तसंच. रस्त्यावरचा अपघात असेल तर पोलिसात नोंद हवीच. बँकेत अर्ज शक्यतो 30 दिवसांच्या आत द्या, शेतकऱ्यांच्या योजनेचा अर्जही 30 दिवसांतच तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे. जखम भरली नाही, प्रमाणपत्र मिळालं नाही, म्हणून थांबू नका. आधी लेखी कळवा, त्यावर पोच घ्या, उरलेले कागद मागून जोडा.

बँकेचा विमा नाकारला तर कारण लेखी मागा. तोंडी "बसत नाही" हे उत्तर धरू नका. आधी विमा कंपनीकडे लेखी तक्रार करायची. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुण्याच्या विमा लोकपाल कार्यालयात अर्ज करता येतो, वर्षाच्या आत. फी नाही, वकीलही लागत नाही. तक्रार कशी करायची ते 155255 या नंबरावर विचारता येतं. शेतकऱ्यांच्या योजनेची तक्रार मात्र तिथं चालत नाही, कारण ती आता विमा योजना राहिलेली नाही. तिचा निर्णय तहसीलदारांची समिती घेते, तिथं अर्जाच्या पोचेचा नंबर घेऊन जायचं, आणि एकटीनं जाऊ नका, गटातल्या दोघीजणी सोबत घ्या.